जॉली फोनिक्स मराठी घरात: आवाज पक्के होतात, अर्थ आपण जोडायचा

मूल ‘पिन’ न अडखळता वाचतं, ‘टिप’ वाचतं, ‘नॅप’ही वाचतं. मग विचारावं, ‘नॅप म्हणजे काय?’ तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. जॉली फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारा पुस्तकसंच; त्याचं बळ आणि त्याची उणीव, दोन्ही इथेच दिसतात. वाचायला शिकवण्याचं काम हा संच चोख करतो. इंग्रजी भाषा मात्र तो शिकवत नाही, कारण त्यासाठी तो बनवलेलाच नाही.

या पद्धतीचा उगम इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्ट गावच्या शाळेतला. तिथे शिकवणाऱ्या स्यू लॉइड आणि त्यांच्या सहलेखिका सेरा वर्नम यांचं ‘द फोनिक्स हँडबुक’ १९९२ साली जॉली लर्निंग या प्रकाशनाने काढलं. तिथलं मूल चार-साडेचार वर्षांचं होऊन शाळेत येतं तेव्हा ते दिवसभर इंग्रजी बोलत असतं. ‘नॅप’ म्हणजे दुपारची डुलकी, हे त्याला आधीच ठाऊक असतं. कागदावरच्या खुणांचा तोंडातल्या शब्दाशी मेळ घालून दिला की त्याचं काम झालं. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे, पण मराठी घरातल्या मुलाच्या कानात ते शब्द साठलेले नसतात. त्यामुळे तोच संच इथे वापरताना निम्मं काम पुस्तकाबाहेर करावं लागतं. ते कसं करायचं, यावरच या परीक्षणाचा भर आहे.

संचाची रचना साधी आहे. इंग्रजीतले ४२ ध्वनी सात गटांत मांडलेत. प्रत्येक ध्वनीला एक छोटी गोष्ट, हातवाऱ्यांची एक कृती, अक्षर गिरवण्याची दिशा आणि त्या ध्वनीचे शब्द. अक्षराचं नाव आधी येत नाही, आधी त्याचा आवाज येतो. ‘एस’ नाही, तर ‘स्स्स्’. आणि हात सापासारखा वळवत. पहिल्या गटात स्, ॲ, ट्, इ, प्, न् हे सहाच ध्वनी आहेत आणि ही निवड फार हुशारीची आहे. या सहांतून सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, सिप, स्पिन असे भरपूर शब्द लगेच तयार होतात. ‘ए, बी, सी, डी’ या क्रमाने गेलं तर पहिल्या चार अक्षरांत ‘कॅब’, ‘डॅड’, ‘बॅड’ असे मोजकेच शब्द हाती लागतात. शिवाय एकमेकांत गोंधळ होणारी अक्षरं मुद्दाम लांब ठेवली आहेत. ‘डी’ दुसऱ्या गटात आहे, ‘बी’ तिसऱ्यात. पोटाची बाजू उलटी काढण्याचा नेहमीचा घोळ त्यामुळे बराच कमी होतो.

मूळ वेग रोज एक ध्वनी असा आहे, म्हणजे सुमारे नऊ आठवड्यांत ४२ पूर्ण. मराठी घरासाठी हा वेग जास्त आहे. आठवड्याला तीन ध्वनी घ्यावेत, चौथ्या दिवशी उजळणी आणि पाचव्या दिवशी प्रकल्पाचं काम. असे १४ आठवडे लागतात. सणवार, आजारपण धरून पाच महिने. रोज १५ ते २० मिनिटं पुरतात. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की मूल कृती करतं, पण आवाज ऐकत नाही.

पाय मोडलेला ‘प’

मराठी मुलाची सगळ्यात मोठी अडचण पुस्तकात कुठेच नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना ती माहीत असण्याचं कारणच नव्हतं. आपल्या प्रत्येक अक्षरात ‘अ’ दडलेला आहे. ‘प’ म्हटलं की त्यात ‘अ’ आलाच. मग मूल ‘प, इ, न’ म्हणतं आणि जोडताना ‘पइन’ असं काहीतरी ऐकू येतं, किंवा ते सरळ ‘पान’ म्हणून मोकळं होतं. ते चुकत नाही, बाराखडीचा नियम पाळतं.

उपाय आपल्याच लिपीत आहे. पाटीवर ‘प’ काढा, त्याचा पाय मोडा, आणि सांगा की इंग्रजीत सगळे पाय मोडलेलेच आवाज काढायचे: प्, ट्, न्. मोठ्या शिशूतल्या मुलाला हलन्ताची खूण ओळखू आली नाही तरी ‘अर्धा प’ ऐकून कळतो. त्याही आधी चार-पाच दिवस केवळ कानाचा खेळ घ्यावा, तोही मराठीत. ‘दाखव बरं: न्... आ... क्.’ मूल नाकावर बोट ठेवतं. मग क्-आ-न्, ह्-आ-त्, प्-आ-य्. आवाज सुटे करणं आणि सुटे आवाज जोडणं ही क्रिया ओळखीच्या शब्दांवर बसली की इंग्रजी शब्दांवर ती सहज चालते. रोज दोन मिनिटं, पाटी-पुस्तक काहीही नको.

इंग्रजी शब्द जोडायला सुरुवात करताना ज्यांचा आवाज लांबवता येतो ती अक्षरं पुढे ठेवा. ‘स्स्सॅट’, ‘न्न्निप’ सोपे. ‘टॅप’, ‘पिन’ त्यानंतर. ट् आणि प् लांबवता येत नाहीत, लांबवायला गेलं की त्यांना ‘अ’ चिकटतोच. पहिला आवाज किंचित मोठा आणि पुढचे दोन लगोलग म्हणावेत. तिन्हींच्या मध्ये थांबलात तर तिसऱ्यापर्यंत पोचताना मूल पहिला विसरतं.

आता काही ध्वनींचं बारकाईने. ‘प्’साठी पुस्तकात बोट मेणबत्तीसारखं उभं धरून फुंकर मारायची कृती आहे. आपलं मूल फुंकर मारताना ‘फू’ म्हणतं, आणि प् चा फ् होतो. दोन सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी ओठांसमोर धरा. प् म्हटल्यावर ती एकदाच हलली पाहिजे. पुढे तिसऱ्या गटात ‘फिश’चा फ् येतो, तेव्हा तीच पट्टी सलग फडफडली पाहिजे, त्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकायचे. ‘फळ’ म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटतात, तो आवाज इथे चालत नाही. व् चे दोन प्रकार असेच. आपल्याला एकच ‘व’ पुरतो, इंग्रजीत दोन अक्षरं आहेत. वाऱ्यासारखी हातावर फुंकर मारायची कृती आहे तिथे ओठांचा चंबू. गाडीचं चाक फिरवायची कृती आहे तिथे दात ओठावर. आरसा हातात दिला की पाच वर्षांचं मूल हे स्वतः तपासतं.

मधमाशीचा ‘झ्झ्झ्’ आपल्या ‘झाड’मधला नाही. ‘झाड’मध्ये जीभ वर टेकून सुटते. मधमाशीच्या आवाजात ती टेकतच नाही, म्हणून तो श्वास असेपर्यंत चालू ठेवता येतो. गळ्यावर हात ठेवला की कंप जाणवतो. ‘दिस’, ‘थिन’मधल्या आवाजासाठी जीभ दातांतून बाहेर काढणाऱ्या विदूषकाची कृती आहे, मुलांना ती भारी आवडते. पण आपले द आणि थ ऐकू आले तर आमच्या मते ते चालवून घ्यावे. भारतातली शिकलेली माणसं असंच इंग्रजी बोलतात आणि ते सगळ्यांना कळतं. तसंच ‘कार’, ‘फोर्क’मधल्या र् चं. संच ब्रिटिश उच्चाराचा असल्यामुळे ध्वनिफितीत तो र् ऐकूच येत नाही. आपल्या मुलाला तो खुशाल म्हणू द्या, स्पेलिंग लक्षात ठेवायला त्याची मदतच होते.

एका ध्वनीवर मात्र सवलत देऊ नका: ‘पेन’ आणि ‘पॅन’मधला फरक. मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हं इंग्रजी शब्दांसाठीच घेतली, आणि बॅट, बॅग, टॅक्सी हे शब्द मुलाच्या तोंडी आहेतच. त्यामुळे हा आवाज त्याला नवा नाही, फक्त अक्षराशी जोडलेला नाही. कृतीत हाताच्या कोपरावर मुंग्या चढतात आणि आपण ‘ॲ, ॲ’ करतो. ही गोष्ट पुस्तकात सहलीला गेलेल्या मुलाची आहे. ती इंग्रजीत वाचून दाखवू नका. मराठीत रंगवून सांगा, आवाज तेवढा इंग्रजी ठेवा. सगळ्याच गोष्टींना हेच लागू.

मुलाचं स्वतःचं नावही इथे आड येतं. रोमन लिपीत ‘कमल’ लिहिलं की दोन्ही ‘अ’साठी ‘ए’ हे अक्षर येतं, आणि फोनिक्स शिकलेलं मूल ते ‘कॅमॅल’ वाचतं. संचाप्रमाणे ‘अ’ हा आवाज छत्री उघडायच्या कृतीचा, म्हणजे ‘यू’ या अक्षराचा: कप, बस, मग. नावांचा नियम वेगळा आहे, असं स्पष्ट सांगून नाव चित्रासारखं ओळखायला लावावं. त्याची फोड करू नये.

कृती बदलाव्या का?

काही जरूर बदलाव्या. ‘क्’साठी कॅस्टनेट हे स्पॅनिश वाद्य वाजवायचं आहे; आपल्याकडे चिपळ्या आहेत, बोटांत धरून क्-क् म्हणावं. जहाजावरच्या खलाशासारखी हाक मारून ‘ऑय’ म्हणायचं आहे, पण आपली पोरं ‘ओय!’ म्हणून तशीही रोज ओरडतात, तीच हाक घ्यावी. धाप लागल्याचा ह् गड चढून आल्यावरचा करावा. गाढवाचे कान लावून ‘ई-ऑर’ म्हणायची कृती तशीच ठेवा, गाढव इंग्रजीत असं ओरडतं हे ऐकून मुलं खूश होतात. एकदा ठरवलेली कृती मात्र पुन्हा बदलायची नाही. घरी चिपळ्या आणि क्लासात कॅस्टनेट असं झालं तर मूल कृतीकडे बघत बसतं आणि आवाज बाजूला राहतो.

गाण्यांबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. चाली ओळखीच्या आणि गोड आहेत, पण शब्द भरभर जातात आणि मराठी मूल ते नुसते पुटपुटतं. ध्रुवपद आणि कृती घ्या, बाकी सोडून द्या.

गिरवण्यासाठी ‘फिंगर फोनिक्स’ ही सात जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आहेत, त्यांतल्या अक्षरांना खाचा आहेत आणि त्यातून बोट फिरतं. छान आहेत, पण ती नसतील तरी ताटात रव्याचा पातळ थर पसरून तेच काम होतं. थर तांदळाच्या दाण्याइतकाच असावा. जाड झाला तर रेघ बुजते. लिहिताना मराठी मुलाची एक खास चूक होते: ते अक्षर वरच्या रेघेला टांगतं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. चार रेघी वही हातात देण्याआधी पाटीवर एकच खालची रेघ आखा आणि ‘इथे बसव’ म्हणा. दोन आठवड्यांनी वही द्या.

अर्थासाठी प्रकल्प

आता मुख्य गोष्ट. संचातल्या शब्दांना अर्थ यावा म्हणून त्यांना हातांनी करायचं काम जोडावं. ‘प्रकल्प’ म्हटलं की आपल्याकडे थर्माकोलचं घर आणि रात्री जागून चिकटवणारे आईबाबा डोळ्यांसमोर येतात. ते इथे नको. बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, शंखशिंपले, खडे अशा भोवतालच्या वस्तूंवर शिक्षण उभं केलं. ती आपलीच वाट आहे आणि इंग्रजीलाही ती लागू पडते.

नियम एकच आणि तो फार महत्त्वाचा: कानाचे शब्द वेगळे, वाचायचे शब्द वेगळे. काम करताना मोठ्यांनी हवं ते इंग्रजी बोलावं, ‘पोअर द वॉटर’, ‘अ लिटल मोअर’. ते मुलाने ऐकायचं आणि करायचं. पण मुलाला वाचायला-लिहायला द्यायचे शब्द फक्त शिकलेल्या ध्वनींचेच हवेत. बहुतेक घरगुती प्रकल्प इथे फसतात. ‘फ्लॉवर’, ‘लीफ’, ‘वॉटर’ अशी लेबलं चिकटवली जातात, मूल ती वाचू शकत नाही, मग पाठ करतं, आणि चार आठवड्यांची आवाज जोडायची सवय मोडते.

तिसरा गट संपला की, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनी, पहिला प्रकल्प घ्या: घरातलं इंग्रजी शोधणं. मराठी घरात रुळलेले कितीतरी शब्द पहिल्या तीन गटांत पूर्ण बसतात. कप, मग, टब, बस, बॅट, बॅग, पिन, पेन, क्लिप, पंप, ड्रम, लॅम्प आणि चक्क हेल्मेट. अर्थ माहीत, आवाज माहीत, फक्त अक्षरं लावायची. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे दहा पुठ्ठे कापा. रोज दोनच शब्द. मुलाने आवाज सुटे करून स्वतः लिहायचं, तुम्ही स्पेलिंग सांगायचं नाही. ‘क्’साठी ‘सी’ की ‘के’ एवढंच सांगावं, कारण तो आवाज एकच आहे. कार्ड वस्तूला दोऱ्याने बांधा, चिकटवू नका. तिसऱ्या दिवशी सगळी कार्डं सोडून घेऊन मुलाला परत योग्य जागी बांधायला द्यायची आहेत. तिथेच कळतं की ते वाचतंय की आठवतंय. ‘हेल्मेट’ मुद्दाम शेवटी ठेवा. सहा आवाज सलग जोडून तो शब्द तोंडातून आला की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

दुसरा प्रकल्प मटकीचा. हा आमच्या सगळ्यात आवडीचा आहे, कारण तो आठवडाभर चालतो आणि त्यातून मुलाच्या हाती स्वतःचं पुस्तक येतं. मटकी आठ तास भिजवा. कागदी कपाच्या तळाला टूथपिकने तीन भोकं पाडा, पाऊण कप भुसभुशीत माती भरा, दाबू नका. एक सेंटिमीटर खोल पाच दाणे पेरा. रोज दोन चमचे पाणी, पावसाळ्यात एकाआड एक दिवस. उबेच्या दिवसांत तीन ते पाच दिवसांत कोंब वर येतो. बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे: मूल प्रेमाने कप भरून टाकतं आणि दाणे कुजतात, वास येऊ लागतो. म्हणून दोन दिवसांनी दुसरा कप पेरून ठेवा. पहिला गेला तर दुसरा हजर, मुलाला रडावं लागत नाही.

पुस्तकासाठी एक ए-फोर कागद पुरतो. लांबीच्या बाजूने मधोमध घडी घालून उघडा. मग आडवी निम्मी, आणि त्याच दिशेने पुन्हा निम्मी घडी. उघडलं की आठ चौकोन दिसतात. आता पुन्हा एकदाच आडवी निम्मी घडी घाला आणि घडीच्या, म्हणजे बंद बाजूने मधल्या रेघेवर पुढच्या घडीपर्यंत कात्रीने चीर द्या. उघड्या बाजूने कापलं तर कागद वाया गेला, चूक नेमकी इथेच होते. कागद उघडून लांबीच्या घडीवर दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला; मधली चीर शंकरपाळीसारखी उघडते आणि चार पाती होतात. ती एकीकडे दुमडली की आठ पानांचं पुस्तक तयार, प्रत्येक पान सुमारे ७.४ बाय १०.५ सेंटिमीटर. टाचणी नको, गोंद नको.

मुखपृष्ठावर मुलाचं नाव, मलपृष्ठावर कपाचं चित्र, आत सहा पानं. पहिल्या दिवशी ‘मड इन अ पॉट’. मग ‘आय डिग’. ‘द सन इज हॉट’. ‘ड्रिप, ड्रिप’. कोंब आला की ‘अप, अप, अप’. शेवटी ‘इट इज बिग’. यातले सगळे शब्द पहिल्या तीन गटांत बसतात. ‘आय’ आणि ‘द’ हे फसवे, म्हणजे आवाजांच्या नियमात न बसणारे शब्द, ते संच तसेही सुरुवातीलाच शिकवतो. ‘इज’च्या शेवटी साप असूनही आवाज मधमाशीचा येतो, हे एकदा सांगावं. वाक्य मुलाने कोंब बघून लिहायचं, आधी लिहून ठेवायचं नाही. एखाद्या दिवशी काहीच उगवलं नाही तर ते पान कोरं राहू द्या. मुलाने ‘पॉट’ एका ‘ओ’ऐवजी दोन लावून लिहिलं तर खोडू नका, शेजारच्या कागदावर बरोबर लिहून ‘हे वाच बरं’ म्हणा, ते स्वतः दुरुस्त करतं.

तिसरा प्रकल्प दुकानाचा, तो थोडक्यात. सहाच वस्तू मांडा: बन, नट, एग, लेमन, प्लम, फिग. जास्त मांडल्या तर मुलं मांडण्यातच रमतात. गिऱ्हाइकाचं वाक्य एकच: ‘कॅन आय गेट अ बन?’ हे संपूर्ण वाक्य मूल वाचू शकतं. मुलाला आधी दुकानदार करा. दुकानदाराला ते वाक्य दहादा ऐकावं लागतं आणि स्वतः फक्त किंमत सांगायची असते. मग अदलाबदल. मोठ्यांनी गिऱ्हाईक होऊन घासाघीस सुरू केली की सगळं मराठीत घसरतं, तो मोह आवरायचा.

फसव्या शब्दांबद्दल दोन ओळी. नियमात न बसणारे असे ७२ शब्द संचात रंगांच्या गटांनी दिले आहेत. पहिले दहा: आय, द, ही, शी, मी, वी, बी, वॉज, टू, डू. आठवड्याला दोन पुरे. शब्दातलं नेमकं कोणतं अक्षर फसवतं त्यावर मुलाकडून गोल करून घ्या, अख्खा शब्द घोकायला लावू नका.

काय घ्यावं, काय टाळावं

घरी एका मुलासाठी सात ‘ॲक्टिव्हिटी बुक’ किंवा तीन ‘प्यूपिल बुक’, यांपैकी एकच मालिका घ्या. दोन्हींत तेच ध्वनी आहेत. प्यूपिल बुक काळ्या-पांढऱ्या आवृत्तीतही मिळतं आणि ते बरं, मुलाला रंगवायला जागा राहते. ‘हँडबुक’ शिक्षकांसाठी आहे, त्याची पानं झेरॉक्स काढून वापरता येतात. पाच-सहा मुलांचा गट असेल तर तेच परवडतं. हातातल्या बाहुल्या, भिंतीवरचे तक्ते नसले तरी अडत नाही. ध्वनी ऐकायला प्रकाशनाच्या संकेतस्थळावर मोफत सोय आहे, पालकांनी आधी स्वतः तिथे ४२ आवाज ऐकून घ्यावेत.

मागवताना दोन गोष्टी तपासा. अक्षरं सुटी हवीत की जोडून लिहिण्याच्या वळणाची शेपटी असलेली, अशा दोन आवृत्त्या आहेत. शाळेत सुटी अक्षरं असतील तर ‘प्रिंट लेटर्स’ लिहिलेलीच घ्या. आणि ब्रिटिश, अमेरिकन आवृत्त्यांची भेसळ करू नका.

क्लास लावणार असाल तर एक तास बसून बघा. शिक्षिका प् म्हणतात की ‘पऽ’, एवढं कान देऊन ऐका. पऽ ऐकू आलं तर पुढचं सगळं त्यावरच उभं राहणार. मग तिथल्या एखाद्या जुन्या मुलाला ‘टिस’, ‘नॅम’ असे निरर्थक शब्द वाचायला द्या. वाचले तर त्याला वाचता येतं. अडलं, पण पुस्तकातलं पान घडाघडा म्हटलं, तर पाठांतर झालंय. आणि तिसरं, मुलं हातांनी काय बनवतात ते विचारा. नुसती वर्कशीटं भरत असतील तर तेच काम घरी कमी पैशात होतं.

मूल पहिलीत नुकतंच मराठी मुळाक्षरं गिरवत असेल तर आमचा सल्ला असा: इंग्रजी अक्षरओळख चार-सहा महिने पुढे ढकला. कानाचे खेळ, कृती, गोष्टी चालू ठेवा, इंग्रजी लिहिणं थांबवा. दोन लिप्यांची वळणं एकाच वेळी बसवायला घेतली तर दोन्ही रेंगाळतात.

४२ ध्वनी झाल्यावर ‘जॉली रीडर्स’ येतात, सुरुवात लाल मालिकेपासून. त्यात उच्चार न होणारी अक्षरं फिकट छापली आहेत, ‘लॅम्ब’मधलं शेवटचं ‘बी’ तसं. ही सोय उत्तम आहे. विषय मात्र तिथले आहेत, म्हणून पुस्तक उघडण्याआधी चित्रं दाखवून पाच मिनिटं मराठीत बोला: हे कोण, हे काय करतंय, पुढे काय होईल. मग वाचायला द्या. एक पुस्तक तीन दिवस: पहिल्या दिवशी आवाज जोडत, दुसऱ्या दिवशी सलग, तिसऱ्या दिवशी मुलाने आजीला वाचून दाखवायचं आणि गोष्ट मराठीत सांगायची. शेजारीच ते मटकीचं पुस्तक ठेवा. मुलं छापील पुस्तक वाचून झालं की तेही उचलतात, आणि ते सहसा न अडता वाचतात.